अकागी करायचीय? मग किटच्या आधी तारीख ठरवा

जपानी विमानवाहू जहाजाचं मॉडेल करायचं डोक्यात आलं की बहुतेक लोकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठलं किट घेऊ?" माझं म्हणणं आहे ते नंतर बघू, आधी तारीख सांगा. कारण अकागी नावाचं एकच एक जहाज असं काही नाहीये. १९२७ साली ती सेवेत आली तेव्हा तिला एकावर एक तीन फ्लाइट डेक, म्हणजे विमानं उडण्या-उतरण्याचे सपाट मजले होते आणि वर आयलंड, म्हणजे डेकच्या कडेचा नियंत्रणाचा मनोरा नव्हताच, मग १९३५ ते १९३८ सासेबोला तिची पार उलथापालथ झाली आणि एकच लांबलचक डेक आला. युद्धातली अकागी ही दुसरी. त्यातही डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बर हल्ल्याची वेगळी आणि जून १९४२ च्या मिडवेच्या लढाईची वेगळी. डेकवरच्या खुणा, तोफा, रंग, कुठली विमानं आणि ती कशी उभी, दोरखंड, गंज, समुद्र, सगळं त्या एका तारखेवर ठरतं. तारीख न ठरवता बांधलं तर मॉडेल सुंदर होईल हो, पण त्यात थोडा डिसेंबर थोडा जून असा काला होतो, आणि जाणकार माणूस दोन मिनिटांत बोट ठेवतो.

मी या लेखात अकागी, एप्रिल १९४२ धरून चालतोय. एक म्हणजे त्या महिन्यातल्या हिंदी महासागराच्या मोहिमेतला एक झकास फोटो आहे, नुकत्याच उडालेल्या विमानातून मागे वळून काढलेला, डेकवर विमानं रांगेत उभी. दुसरं म्हणजे ही मोहीम आपल्या दारातली आहे. ५ एप्रिलला कोलंबो, ९ एप्रिलला त्रिंकोमाली, आणि मधे ६ एप्रिलला र्‍यूजो नावाच्या छोट्या कॅरिअरच्या, म्हणजे विमानवाहू जहाजाच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. मॉडेलिंगवाल्या आपल्या लोकांना मिडवे तोंडपाठ असतं आणि विशाखापट्टणम माहीत नसतं, याचं मला दरवेळी नवल वाटतं. असो. तुम्हाला दुसरं जहाज करायचं असेल तरी पद्धत हीच, फक्त तपशील बदलतील.

आधी कागद, मग प्लास्टिक

जपानने शरणागतीच्या वेळी नौदलाची ढिगाने कागदपत्रं जाळली, त्यामुळे अमेरिकन जहाजांचे जसे प्रत्येक बोल्टचे प्लॅन मिळतात तसं इथे नाही. जे आहे ते फोटो. शिझुओ फुकुई नावाचे नौदलातले तांत्रिक अधिकारी होते, त्यांनी जमवलेला फोटोंचा साठा कुरेच्या यामातो म्युझियमकडे आहे आणि आजची बहुतेक चांगली पुस्तकं त्याच फोटोंवर उभी आहेत. शिवाय अमेरिकन नौदलाच्या इतिहास विभागाकडे मिडवेला बी-१७ बॉम्बरमधून काढलेले फोटो आहेत, ते फुकट बघायला मिळतात.

फोटो नुसते जमवू नका. प्रत्येक फोटोखाली तारीख लिहा, आणि तारीख खात्रीची नसेल तर तो फोटो बाजूला ठेवा, त्याच्यावरून काही ठरवू नका. मग एका वहीत दोन रकाने करा, डावीकडे जहाजाचा भाग आणि उजवीकडे कुठल्या फोटोवरून ठरवलं ते. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण पुढे बांधताना रात्री अकरा वाजता "हा खांब उभा की आडवा" असा प्रश्न पडला की ही वही कामाला येते.

अकागीसाठी वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवायच्या गोष्टी सांगतो. आयलंड डाव्या बाजूला आहे. जगात फक्त अकागी आणि हिर्यू या दोनच कॅरिअरना आयलंड डावीकडे होता, बाकी सगळ्यांचा उजवीकडे. धुराडं उजवीकडे, बाहेर येऊन खाली वळलेलं. विमानविरोधी मोठ्या तोफा १२ सेंमीच्या, जुळ्या, सहा जोड्या. शोकाकू आणि कागा या दुसऱ्या जपानी कॅरिअरवर असतात त्या १२.७ सेंमीच्या नाहीत, अकागीला त्या शेवटपर्यंत मिळाल्या नाहीत. मागच्या बाजूला दोन्हीकडे तीन-तीन अशा २० सेंमीच्या सहा तोफा, कॅरिअरवर त्यांचा उपयोग काय हा प्रश्न वेगळा. आणि २५ मिमीच्या छोट्या तोफा सगळ्या जुळ्या, १४ जोड्या. इथेच लोक फसतात, बाजारात डिटेलिंगसाठी २५ मिमीच्या तिळ्या तोफांची पाकिटं छान मिळतात, फार रेखीव असतात, आणि लोक ती उचलून अकागीवर बसवतात. तिळ्या शोकाकूवर बरोबर, अकागीवर नाही. रडार तर अजिबात नाही.

अकागी आणि कागा बहिणी, म्हणजे एकाच आराखड्याची जहाजं नाहीत हेही लक्षात ठेवा, बरेच जण एकीचा फोटो बघून दुसरीचा तपशील करतात. युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन करारानंतर अकागी आणि अमागी या दोन अर्धवट बॅटलक्रूझरांची कॅरिअर करायचं ठरलं, पण सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात अमागीचा सांगाडा बांधणीच्या जागीच मोडला, म्हणून तिच्या जागी कागा घेतली आणि ती मुळात बॅटलशिप होती. हल म्हणजे जहाजाचं धड वेगळं, लांबी वेगळी, वेग वेगळा.

स्केल आणि किट

अकागीची लांबी २६०.६७ मीटर. १/७०० ला ती ३७ सेंमीच्या आसपास होते, १/३५० ला साडेचौऱ्याहत्तर सेंमी. १/३५० ची घरात आणण्याआधी कपाटाचं माप घ्या आणि घरच्यांशी बोलून घ्या. पहिल्यांदाच करत असाल तर १/७०० घ्या, डोळे मिचकावू नका, घ्याच. १/३५० ला सोपं वाटतं कारण भाग मोठे, पण तिथे रिकाम्या जागा दिसतात आणि त्या भरायला अजून पैसे आणि अजून महिने लागतात.

१/७०० मधे हासेगावाचं नव्या साच्याचं अकागी घ्यावं, जुन्या साच्याचं नको, दुकानात दोन्ही दिसू शकतात आणि जुनं स्वस्त असतं म्हणून मोह होतो. खोक्यावरचा किट नंबर बघून, त्या नंबराचे स्प्रूचे, म्हणजे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीचे फोटो नेटवर बघून मगच पैसे द्या. शोकाकू, झुइकाकूसाठी तामिया, हिर्यू, सोर्यूसाठी आओशिमा, आणि फुजिमीकडे जवळपास सगळंच आहे पण फुजिमीचे भाग फार बारीक आणि सूचना जपानी चित्रकोड्यासारख्या. बाहेरून मागवलं तर किटच्या किमतीवर टपाल आणि कस्टम ड्युटी धरा, आणि रंग पार्सलमधे मागवू नका, ज्वलनशील म्हणून विमानाने येत नाहीत. रंग इथेच घ्या.

किटसोबत एक ब्रासचं फोटो-एच पान, म्हणजे रेलिंगसारखे बारीक भाग कोरलेला पातळ पितळी पत्रा घ्या, त्याच किटसाठी बनवलेला. लाकडी डेकचं चिकटवायचं शीट मिळतं तेही लोक घेतात. मला ते १/७०० ला आवडत नाही. खऱ्या डेकची फळी वीतभर रुंद धरली तरी या स्केलला ती पाव मिमीच्या वर फारशी जात नाही, आणि शीटच्या फळ्या त्याच्या दुप्पट दिसतात, शिवाय शीटची जाडी लिफ्टच्या कडेला उघडी पडते. रंगवलेला डेक जास्त खरा वाटतो.

अवजारं फार लागत नाहीत. चांगला निपर, नवी ब्लेडं, ४०० ते १००० चे पॉलिशपेपर, पिन व्हाइस (बोटांनी फिरवायची ड्रिलची मूठ) आणि ०.३ ते ०.५ मिमीचे ड्रिल, दोन चिमटे (एक टोकदार, एक चपट्या तोंडाचा, फोटो-एच वाकवायला), प्लास्टिक चिकटवायचं पातळ सिमेंट, सुपरग्लू, मास्किंग टेप आणि डोक्याला लावायचा भिंग. सुपरग्लू थेट ट्यूबमधून लावायचा नाही, टाइलच्या तुकड्यावर एक थेंब काढायचा आणि मेणबत्तीवर मऊ करून तारेसारख्या ताणलेल्या स्प्रूच्या टोकाने किंवा सुईने उचलून लावायचा.

हल

स्प्रू साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, साच्याचं तेल जातं. हलचे भाग चिकटवण्याआधी तळाची प्लेट बसवून बघा. वॉटरलाइन किटमधे, म्हणजे पाण्यावर दिसतो तेवढाच भाग देणाऱ्या किटमधे, हल केळ्यासारखी वाकलेली येऊ शकते, तेव्हा ती सपाट काचेवर ठेवा आणि कुठे हवा जाते ते बघा. वाक असेल तर तळाच्या प्लेटला आतून दोन नट चिकटवा आणि खालून स्क्रू मारून लाकडी फळीला घट्ट बांधा, वाकही जातो आणि पुढचं सगळं काम करताना धरायला हँडल मिळतं. हे आत्ताच करा. नंतर रेलिंग लागल्यावर जहाज हातात धरता येत नाही.

जोड पुट्टीने भरून घासा, पण हलवरच्या बारीक प्लेटच्या रेषा मरणार नाहीत इतपतच. मग पोर्टहोल, म्हणजे गोल खिडक्या. किटमधे खोलगट ठिपके असतात, ते पिन व्हाइसने अर्धा मिमी ड्रिलने जरा खोल करा, वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग टाकला की छान काळे दिसतात. तुम्ही १९४४ ची झुइकाकू करत असाल तर इथे थांबा, युद्ध पुढे सरकलं तसं खालच्या ओळीतली पोर्टहोल प्लेट मारून बंद केली गेली, ती भरावी लागतील. अकागी १९४२ ला ती भानगड नाही. हलच्या कडेने जाणारी डीगॉसिंग केबल, म्हणजे चुंबकी सुरुंगांपासून वाचायला बसवलेली जाड केबल, ती मात्र हवी. किटमधे पुसट असेल तर ताणलेला स्प्रू चिकटवून ठळक करा.

आता कॅरिअर बांधण्यातली खरी गोम. बॅटलशिप खालून वर बांधत जाता येते, कॅरिअर तशी बांधली तर रंगवता येत नाही, कारण फ्लाइट डेकखाली पुढे आणि मागे खांबांचं जंगल असतं, गॅलऱ्या असतात, बोटी असतात, आणि डेक बसला की तिथे ब्रश जात नाही. म्हणून चार वेगळे गट करा: हल आणि खालचे डेक, फ्लाइट डेक, धुराडं आणि आयलंड, तोफा आणि बोटी. प्रत्येक गट रंगवून, वॉश देऊन मग जोडायचा. पण, आणि हे महत्त्वाचं, फ्लाइट डेक पहिल्या दिवसापासून दर टप्प्याला नुसता ठेवून बघायचा. खांब एखादा मिमी तिरका लागला तर डेक पुढून उचलला जातो, आणि तेव्हा रंग झालेला असतो, मग रडायची वेळ येते.

धुराड्यामागे उजव्या बाजूला ज्या तोफा आहेत त्यांना बंद आवरण असतं, धुरापासून तोफचींना वाचवायला. डाव्या बाजूच्या तोफा उघड्या. किटमधे दोन्ही प्रकार दिलेले असतात, पण घाईत अदलाबदल होते. स्प्रूवरून काढल्या काढल्या डब्यांवर "डावा", "उजवा" लिहून ठेवा.

रंग

जपानी जहाजांचा राखाडी एक नव्हता, प्रत्येक मोठ्या गोदीची मिक्सिंग थोडी वेगळी. तामियाने म्हणूनच चार बाटल्या काढल्यात: एक्सएफ-७५ कुरे, एक्सएफ-७७ सासेबो, एक्सएफ-८७ मायझुरू, एक्सएफ-९१ योकोसुका. शेवटची मोठी डागडुजी जिथे झाली तिथला राखाडी, असा साधा नियम धरतात. कागाचं उदाहरण सोपं आहे, फेब्रुवारी १९४२ मधे पलाऊला खडकावर घासली, दुरुस्तीला सासेबोला गेली, म्हणून ती हिंदी महासागराच्या मोहिमेत नव्हतीच आणि मिडवेची कागा सासेबो राखाडीत करायला हरकत नाही. अकागीचं मोठं पुनर्बांधणीचं काम सासेबोचं, मी एक्सएफ-७७ वापरतो. कोणी योकोसुका वापरून वाद घालायला आला तर घालू द्या, दोन्हीत १/७०० ला फरक चार बोटं लांबून कळत नाही.

रंग बाटलीतला जसाच्या तसा मारू नका, दहा टक्क्यांपर्यंत पांढरा मिसळा. छोट्या वस्तूवर गडद रंग अजून गडद दिसतो आणि मॉडेल शिशाच्या गोळ्यासारखं दिसतं. फुल हल करत असाल तर पाण्याखालचा भाग हल रेड, आणि लाल थेट राखाडीला भिडतो, मधे काळा पट्टा नाही. काळा पट्टा अमेरिकन जहाजांना असतो, सवयीने तो मारला जातो.

पावसाळ्यात एअरब्रशने लॅकर मारताना जपून. मुंबई-कोकणात जुलैमधे हवेत इतकं पाणी असतं की रंगावर दुधाळ पांढरी झाक येते. थिनरमधे रंग हळू सुकवणारा रिटार्डर घाला, कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावा, नाहीतर सरळ ऑक्टोबरपर्यंत विमानं आणि तोफा करत बसा, हलचा रंग नंतर. ॲक्रिलिकला हा त्रास कमी, पण तामियाचं ॲक्रिलिक मास्किंग टेपबरोबर उखडू शकतं, तेव्हा खाली प्रायमर हवाच. मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, लॅकरचा वास घरात आठवडाभर राहतो आणि बोलणी आपल्याला बसतात.

फ्लाइट डेक, इथे वेळ घाला

वरून बघणाऱ्याला कॅरिअर म्हणजे डेकच दिसतो, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ इथे. जपानी डेकच्या फळ्या जहाजाच्या लांबीच्या दिशेने. अमेरिकन कॅरिअरच्या आडव्या. पुढचं आणि मागचं टोक लाकडी नाही, पोलादी, म्हणजे राखाडी.

पद्धत अशी. पूर्ण डेकला तामियाचा एक्सएफ-७८ वुडन डेक टॅन फवारा. सुकल्यावर त्यातच थोडा पांढरा, थोडा तपकिरी, थोडा राखाडी मिसळून तीन-चार छटा करा आणि अगदी बारीक ब्रशने इकडे तिकडे एकेक फळी रंगवा, रांगोळी काढल्यासारखी नाही, विखुरलेली. शंभरातल्या दहा-पंधरा फळ्या पुरेत, जास्त केलं तर डेक बुद्धिबळाचा पट दिसतो. मग फिल्टर, म्हणजे अगदी पातळ तपकिरी रंगाचा हात, सगळ्या छटा एकमेकीत मुरतात. डेकच्या आडव्या एक्सपान्शन जॉइंटच्या पट्ट्या आणि तीन लिफ्टच्या कडा राखाडीने उचलून घ्या. पोलादी टोकं मास्क करून राखाडी.

मग खुणा. मधली पांढरी रेषा, पुढच्या टोकाला वाफ सोडायच्या भोकापासून फुटलेल्या रेषा (वाफ कुठे जाते बघून वाऱ्याची दिशा कळायची), मागच्या टोकाला लाल-पांढरे पट्टे, आणि मागे डाव्या कोपऱ्याजवळ काताकाना लिपीतलं "आ" अक्षर, आपल्याच पायलटनी दुसऱ्याच्या जहाजावर उतरू नये म्हणून. कागावर "का", हिर्यूवर "हि". सरळ रेषा शक्यतो मास्क करून रंगवा, डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची छापील चित्रं, फळ्यांच्या खाचांत बसत नाहीत आणि बाजूने पाहिलं की चकाकतात. अक्षर आणि पट्ट्यांना डेकल चालेल, पण आधी त्या जागी ग्लॉस कोट, मग डेकल, मग डेकल मऊ करणारं सॉफ्टनर दोनदा, मग मॅट. ग्लॉस न देता लावलं तर खाली हवा अडकून चंदेरी डाग येतो आणि तो काही केल्या जात नाही.

डेकवरचा मोठा लाल गोळा, म्हणजे हिनोमारू, हा तारखेचा प्रश्न आहे. मिडवेच्या हिर्यूच्या हवाई फोटोत पुढच्या भागात तो दिसतो. डेकल शीटवर तो छापलेला असतो, म्हणून लोक लावतात. पर्ल हार्बरची तारीख धरली असेल तर तो शीटवरच राहू द्या.

अजून एक, आणि हे मला फार आवडतं. पर्ल हार्बरच्या मोहिमेत अकागीच्या आयलंडभोवती खलाशांच्या झोपायच्या गुंडाळलेल्या झोळ्या दाटीने बांधल्या होत्या, छर्रे अडवायला. फोटोत स्पष्ट दिसतात. ती तारीख करत असाल तर दोन भागांच्या एपॉक्सी पुट्टीची शेवईसारखी बारीक वळी करा, दोन-अडीच मिमीचे तुकडे पाडा, आयलंडला उभे चिकटवा, मळकट पांढरा रंग आणि तपकिरी वॉश. एका संध्याकाळचं काम आहे पण आयलंड एकदम जिवंत होतो.

फोटो-एच आणि खांब

फ्लाइट डेकच्या कडेला रेलिंग लावू नका. रेलिंग असेल तर विमानाचा पंख अडकेल ना. तिथे जाळ्या आणि खाली उतरलेले चालायचे कट्टे असतात, रेलिंग त्या कट्ट्यांना, खालच्या गॅलऱ्यांना आणि मागच्या बोट डेकला. या स्केलला रेलिंगची उंची दीड मिमीच्या आत असते, तेव्हा पट्टी कापताना उंच निघाली तर खालची आडवी तार कापून टाका.

रेलिंग पानावर असतानाच प्रायमर आणि राखाडी मारून घ्या, कापा, मापाने वाकवा, मग चिकटवा. दोन टोकांना सुपरग्लूचा सुईच्या टोकाएवढा थेंब, मधे नको. चिकटल्यावर कडेने पातळ राखाडीचा हात फिरवला की डिंकाची चमक जाते.

आता रेडिओचे खांब. डेकच्या कडेला जाळीचे उंच खांब आहेत, ते बिजागरीवर बाहेरच्या बाजूला आडवे पडतात. विमानं उडत किंवा उतरत असताना ते आडवे, एरवी उभे. म्हणजे डेकवर उड्डाणाच्या तयारीत विमानं आणि बाजूला खांब उभे, असं चालत नाही. तसं केलेली मॉडेल मी बक्षीस मिळालेली पाहिलीत, परीक्षकांनाही माहीत नसतं. खांब आडवे केले की त्यांच्यामधल्या अँटेनाच्या तारा सैल लोंबतात, ताणलेल्या नाहीत. लवचिक बारीक धागा वापरत असाल तर तो लोंबता दिसत नाही, तिथे मेणबत्तीवर ताणलेला स्प्रू बरा, उदबत्ती जवळ नेली की तो मऊ होऊन हवा तसा झोल घेतो. लांबूनच न्या, चिकटली तर तुटतो.

डेकच्या मागच्या भागात कडेला लाल-हिरव्या दिव्यांचे छोटे हात असतात, उतरणाऱ्या पायलटला कोन कळावा म्हणून. अमेरिकनांसारखा हातातली पॅडल हलवून इशारे देणारा माणूस इथे मुख्य नव्हता. फोटो-एच पानात हे हात असतील तर लावा, नसतील तर दोन मिमी तारेत काम होतं.

विमानं

डिसेंबर १९४१ ला अकागीवर १८ झीरो (लढाऊ विमानं), १८ व्हॅल (सूर मारून बॉम्ब टाकणारी) आणि २७ केट (टॉर्पेडो किंवा बॉम्ब टाकणारी) होती. सगळी डेकवर मांडायची नसतात! एका वेळी हल्ल्याच्या एका लाटेची विमानं वर, बाकी खाली हँगरमधे. पर्ल हार्बरच्या दुसऱ्या लाटेत अकागीची ९ झीरो आणि १८ व्हॅल होती, त्याच्यावरून डेक किती भरतो याचा अंदाज घ्या. मांडणी मागच्या बाजूला, झीरो सगळ्यात पुढे कारण ती हलकी आणि कमी धावेत उडतात, त्यांच्यामागे जड बॉम्बर. ५ एप्रिलला कॉर्नवॉल आणि डॉर्सेटशर या दोन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या त्या अकागी, सोर्यू आणि हिर्यूवरून उडालेल्या ५३ व्हॅलनी, तेव्हा माझ्या डेकवर व्हॅलच आहेत.

मिडवे करणाऱ्यांसाठी एक सूचना. बॉम्ब पडले त्या क्षणी डेक बॉम्बलदल्या केटनी खच्चून भरलेले होते हे चित्र बरीच वर्षं चाललं, आता अभ्यासक ते मानत नाहीत. हल्ल्याची विमानं बहुतेक खाली हँगरमधेच होती आणि डेकवर पहाऱ्याची झीरो ये-जा करत होती. तो क्षण करायचा तर डेक जवळजवळ रिकामा ठेवा.

रंग: झीरो आणि व्हॅल दोन्ही हिरवट राखाडी, तामियाचा एक्सएफ-७६ चालतो, इंजिनाचं आवरण काळं. केट वरून हिरवी. शेपटीवर अकागीची खूण इंग्रजी ए आणि पुढे रोमन एक, आणि पुढे विमानाचा नंबर. पाठीच्या मागच्या भागात पट्टे: अकागीला एक लाल, कागाला दोन लाल, सोर्यूला एक निळा, हिर्यूला दोन निळे, शोकाकूला एक पांढरा, झुइकाकूला दोन पांढरे. हा पट्टा १/७०० ला अर्ध्या मिमीचा असतो, रंगवायचा प्रयत्न करू नका, लाल डेकलची पट्टी कापून लावा.

किटमधली विमानं पारदर्शक प्लास्टिकची असतील तर काचेच्या जागी आधी मास्किंगचा तुकडा, मग रंग, शेवटी तुकडा काढला की कॅनोपी खरी चमकते. झीरोचा पंख या स्केलला १७ मिमी, म्हणजे एका विमानाला चार-पाच डेकल लावेपर्यंत पाठ धरते. एका बैठकीत तीन करा, जास्त नको. उड्डाणाच्या तयारीतली असतील तर प्रोपेलरची पाती कापून टाका, फिरताना पाती दिसत नाहीत, आणि पंखांची टोकं उघडलेली ठेवा. झीरोचं टोक फक्त अर्धा मीटर दुमडतं, केटचे पंख मात्र वर उचलून एकावर एक येतात, ते हँगरमधे.

मळवणं आणि समुद्र

२६ नोव्हेंबर १९४१ ला हितोकाप्पू खाडीतून निघाल्यापासून अकागी जवळपास सतत फिरत होती, पर्ल हार्बर, राबाउल, १९ फेब्रुवारीला डार्विन, मग हिंदी महासागर. मधे डिसेंबरअखेरीस थोडे दिवस घरी. म्हणजे एप्रिलची अकागी कोरी करकरीत नको. नांगराच्या भोकाखाली गंजाचे दोन-तीन उभे ओघळ, पाणरेषेजवळ फिकट मिठाचा पट्टा, धुराड्याच्या तोंडाशी काजळी. एवढंच. भंगारात निघालेलं जहाज करायची फॅशन आहे सध्या, पण जपानी नौदल आपली मोठी जहाजं रंगवलेली ठेवायचं.

समुद्रासाठी फळीवर ॲक्रिलिक जेल थापा, लाटा उठवा, रंगवा, वर ग्लॉस जेल. विमानं उडवताना जहाज वाऱ्यात तोंड घालून जोरात जातं, तेव्हा नाकाशी मोठी पांढरी मिशी, मागे लांब रुंद फेस, आणि झेंडा, धूर, डेकवरची वाफ सगळं सरळ मागे. यातलं एक जरी तिरकं गेलं तरी डोळ्याला खटकतं. जागा असेल तर मागे थोड्या अंतरावर एक डिस्ट्रॉयर ठेवा, पाण्यात पडलेल्या पायलटांना उचलायला अशी एक मागे असायची.

विमानं सगळ्यात शेवटी चिकटवा, समुद्र, खांब, तारा सगळं झाल्यावर. चाकाखाली पांढरा डिंक लावा, सुपरग्लू नको, वाफेने आजूबाजूला पांढरं बुरशीसारखं धरतं. ॲक्रिलिकची पेटी मॉडेल सुरू करतानाच मापाने करून घ्या, आडव्या खांबांमुळे रुंदी अंदाजापेक्षा तीन-चार सेंमी जास्त लागते. पेटीत कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी टाका, गुलाबी झाली की तव्यावर भाजून परत वापरता येते, आणि पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नका, तारा आधी सुटतात आणि मग डेकल पिवळी पडतात.